टाकीतली राख

"यात कुणीतरी काहीतरी टाकलंय."

मुकुल ओसरीतून ओरडला. नाव कुणाचंच घेतलं नाही. सगळ्या अंगणालाच ऐकवलं.

अंगणात ठकूबाई सुपात नाचणी पाखडत होती. बुधा ओसरीच्या पायरीवर उन्हाकडं पाठ करून बसला होता. दोघांनीही मान वर केली नाही.

"ऐकू येतंय का? मी विचारतोय, कुणी टाकलं?"

सूप जरा जोरात वाजू लागलं.

आतल्या खोलीच्या दारातून खोकला आला. कोरडा, लांबलेला, मधेच तुटणारा. मुकुल गप्प झाला. तो खोकला सुरू झाला की तो गप्पच होत असे, आणि थांबला की जास्त चिडत असे.

खोकला तुळजागीर बाबांचा होता. डांगाणातल्या या टेकडीवरच्या मठात बाबांचा उभा जन्म धुनीशेजारी गेला होता. धुनीघर ठेंगणं, कौलारू. धूर छपराला लागायचा आणि पुन्हा खाली, बाबांच्या छातीत उतरायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "धूर बंद करा. नाहीतर हा हिवाळा अवघड आहे."

मुकुलनं ते ऐकलं आणि त्याच दिवशी शहराची गाडी पकडली.

तो इंजिनिअर होता. आलेली नोकरी नाकारून साधना शिकायला इथं आला होता. बाबांनी त्याला राहू दिलं, जेवू घातलं, पण अजून एक मंत्रही दिला नव्हता. मागितला की म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'चा मुकुलला मनापासून राग होता. बाबांवर मात्र त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तो शहरातून एक हीटर घेऊन आला. रॉकेलवर चालणारा, कडी धरून कुठंही उचलून नेता येईल असा. आत गोल वात, वर जाळीचा पिंजरा. धूर नाही. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की झालं.

बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली होती.

"हे जळत असेल तोवर मी आत बसेन," ते म्हणाले होते. "विझलं की मी माझ्या जागेवर."

"विझणार नाही," मुकुल म्हणाला होता.

सुरुवातीला जाळी कशी लालबुंद व्हायची! मग ज्योत बुटकी झाली. मग पिवळी. मग तडतडू लागली. कालपासून पेटतच नव्हती. पहाटे मठाबाहेरच्या गवतावर दव पांढरं गोठलेलं होतं, आणि बाबांनी आपली घोंगडी घडी करून दाराशी आणून ठेवली होती.

"आज संध्याकाळपर्यंत बघ," ते मुकुलला म्हणाले. "मग मी जातो धुनीकडं."

म्हणून मुकुल सकाळपासून ओसरीत हीटर मोकळा करून बसला होता.

मघाशी बाबाही खोलीच्या दाराशी, चौकटीला टेकून येऊन बसले होते.

"काय झालंय त्याला?"

"तेच बघतोय."

"कसं बघतात?"

"एकेक करून. आधी सोपं, मग अवघड." त्यानं बटण दाबलं. बारीक तार लाल झाली. "बॅटरी ठीक. ठिणगी ठीक."

"बरं."

"धक्का लागला तर वात आपोआप खाली पडते. सोय असते तशी. कधी ती अडकून बसते." त्यानं खटका मागंपुढं केला. "अडकलेली नाही."

"बरं."

"वात वर येते. पिंजरा नीट बसलाय. टाकीत रॉकेल आहे."

"म्हणजे सगळं आहे."

"सगळं आहे."

"मग पेटत का नाही?"

मुकुलनं पिंजरा उचलून बाजूला ठेवला.

बुधा बिडी विझवून ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. खाली वाडीत त्याचं घर होतं. चेष्टेशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि मुकुल आल्यापासून त्याला चेष्टेला आयतं माणूस मिळालं होतं.

"इंजिनेर, रुसलं का काय तुझं यंत्र?"

"काका, जरा बाजूला. उजेड अडतोय."

बुधा बाजूला सरकला. थोडा वेळ गेला.

"इंजिनेर, तुझ्या फोनला हितं रेंज येती का रं?"

"नाही येत."

"त्या टेपाडावर गेलं तर?"

"काका, मी कामात आहे."

"आसू दे, आसू दे," बुधा म्हणाला. "आपलं इचारलं."

मुकुलनं वात बाहेर ओढली. वरचं टोक काळं होतं. ते तसंच असतं. पण खालचा भाग, जो रॉकेलात बुडलेला असतो, करडा आणि कडक झाला होता, ओढ्याकाठी वाळलेल्या चिखलासारखा. त्यानं टाकी परातीत उपडी केली. रॉकेलामागून एक करडा गाळ ओघळत आला.

त्यानं तो बोटांत चोळला. मऊ. फार मऊ. नाकाशी नेला. रॉकेलाच्या उग्र वासाखाली दुसराही एक वास होता... ऊद, शेणी, जुनं लाकूड.

धुनीतला अंगारा.

आणि तेव्हा तो ओरडला होता. यात कुणीतरी काहीतरी टाकलंय म्हणून.

"मी यावर खडूनं लिहिलं होतं," खोकला थांबल्यावर तो पुन्हा म्हणाला. "हात लावू नये. एवढं मोठं लिहिलं होतं! कुणाला कळतंय का, बाबांना हे नसलं तर काय होईल? कुणाच्या मनात काय आहे तेच मला समजत नाही. बाबांनी मरावं असं वाटतंय का कुणाला इथं?"

सूप थांबलं.

असं बोलायला नको होतं, हे त्याला शब्द सुटल्यावर कळलं. पण सुटले होते.

"राख मी टाकली," बाबा म्हणाले.

मुकुल वळला. "तुम्ही?"

"हो. चिमूटभर."

"बाबा, कशापायी खोटं बोलताव?" ठकूबाई सूप ठेवून उठली. ती मठाचं स्वयंपाकघर सांभाळायची आणि एरवी चुलीपुढंसुद्धा हळू बोलायची. "त्यांनी नाय टाकली. मी टाकली, दादा. घरात नवी चूल घातली तर तिला अंगारा लावत्यात का नाय? तुझी येवढी लांबनं आणलेली चूल, आन तिला कुणी बोट लावलं नाय. मला कसंतरीच झालं."

"लावतात, मावशी! लावतात! आत टाकत नाहीत!"

"लावायचा तर हात लागतो," ठकूबाई म्हणाली. "तू लिवलं होतंस ना, हात लावू नये. म्हनून मी वरनं सोडला. झाकन फडक्यानं उघडलं आन वरनं सोडला. हात नाय लावला."

"तुम्हाला तर वाचता येत नाही."

"मी दाखवलं वाचून," बुधा म्हणाला.

मुकुलनं त्याच्याकडं पाहिलं.

"आन मीबी टाकला," बुधा म्हणाला. "म्हनलं, झाकन हाये म्हंजे तोंड हाये. तोंड हाये तर परसाद जायला पायजे. बाबाचा खोकला थांबू दे म्हनून टाकला. आता त्या यंत्रालाच खोकला लागंल हे मला काय ठाव?"

"आणखी कुणी?"

"वाडीवरल्या बाया येऊन गेल्या," ठकूबाई हळूच म्हणाली. "त्या का माघं ऱ्हात्यात?"

मुकुल खाली बसला. चिडायला त्याला एक माणूस हवा होता, आणि इथं सगळी वाडी निघाली. तीसुद्धा अशी, की जिच्यावर नीट चिडताही येऊ नये.

"म्हणजे सगळ्यांनीच..." तो म्हणाला.

"तू काय टाकलंस?" बाबांनी विचारलं.

"मी? रॉकेल."

"आणखी?"

"आणखी काय टाकायचं असतं त्यात?"

खोकल्याची एक उबळ आली, ती बाबांनी घोंगडीत तोंड घालून जिरवली.

मग म्हणाले, "माझ्या खोलीच्या दाराबाहेर काड्या पडल्यात. त्या आण."

"काड्या?"

"आण तर."

मुकुलनं त्या पाहिल्या होत्या. रोज पाहत होता. त्याला वाटलं होतं, ठकूबाईनं सरपण म्हणून टाकल्या असतील. येताजाता पायात येतात म्हणून त्यानंच त्या पायानं भिंतीकडं सारल्या होत्या. आता तो त्या कवेत भरून घेऊन आला आणि बाबांसमोर ठेवला.

टेकडी चढून मठात येणारा माणूस वाटेत एक काडी उचलतो. मोकळ्या हातानं कुणी येत नाही. ती काडी तो बाबांच्या हातात देतो आणि बाबा ती धुनीत ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच. मुकुललाही हे ठाऊक होतं. त्याच्या लेखी हाच तर धुराचा उगम होता.

बाबांनी एक काडी उचलली. बोटांनी साल चाचपली.

"करवंद. वरच्या कड्याकडची. इथवर आणताना हाताला ओरखडे आले असणार."

दुसरी उचलली. "ही बोरीची. ओली आहे. घाईत मोडलीय."

तिसरी जरा जाड होती. बाबांनी ती बाजूला ठेवली आणि ढिगात हात घालून तशीच आणखी एक काढली. मग आणखी एक. सगळ्या बाजूला ठेवत गेले.

"हा सादडा. एकाच झाडाचा आहे. कुणीतरी रोज आणतंय."

"कुणी?" मुकुलनं विचारलं.

"मला काय माहीत?" बाबा म्हणाले. "मी तर आत होतो."

बुधा पायरीवरून उठला, धोतर झटकलं आणि "गुरं बघतो" म्हणत खाली उतरून गेला.

मुकुल सादड्याच्या त्या काड्यांकडं बघत राहिला. मग एकदम म्हणाला,

"तुम्हाला परत धुनीजवळ जायचंय. एवढंच ना? त्यासाठीच हे सगळं?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"जाऊ नका, बाबा." आता त्याच्या आवाजात राग उरला नव्हता. "मी हे दुरुस्त करतो. संध्याकाळच्या आत करतो. मला येतं हे."

"येतंच तुला," बाबा म्हणाले. "कर."

आणि त्यानं केलं. टाकी रॉकेलानं विसळली. पहिलं रॉकेल करडं निघालं, पुढचं गढूळ, मग स्वच्छ यायला लागलं. गाळणीची जाळी ठकूबाईच्या जुन्या दातकोरण्यानं मोकळी केली. खोक्यात एक जादा वात आली होती, ती बसवली. पिंजरा पुसला. नवं रॉकेल फडक्यातून गाळून भरलं. हात शिवशिवत होते, लगेच बटण दाबून बघावं म्हणून. पण नवी वात कोरडी असते. ती रॉकेलानं नीट भिजेपर्यंत थांबावं लागतं. आधी पेटवली तर वात स्वतःच जळून जाते.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"आता थांबायचं."

"तुला येतं थांबायला?"

मुकुलला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. "नाही येत."

"मग ठकूबाईला नाचणी पाखडू लाग."

तो गेला. त्याच्या सुपातली निम्मी नाचणी अंगणात गेली. ठकूबाईनं ती गुपचूप गोळा केली. गोळा करताना तिनं विचारलं,

"दादा, त्यो अंगारा लईच वंगाळ असतो का रं यंत्राला?"

"वात तुंबते, मावशी. रॉकेल वर चढत नाही."

"माझ्यामुळं बाबास्नी रात थंडीत काढाया लागली."

मुकुलनं सूप खाली ठेवलं. "मावशी, सकाळी मी जे बोललो ना..."

"तुझा जीव तुटत होता," ठकूबाई म्हणाली. "मला कळत नाय व्हय? धर सूप. आन हळू, अंगन उष्टावलंस सगळं."

उन्हं कलली. मुकुलनं हीटर उचलून बाबांच्या खोलीत नेला, खिडकी दोन बोटं उघडली आणि बटण दाबलं. तार लाल झाली. वातीच्या एका बाजूला निळसर ज्योत धरली, सरकत सरकत सगळ्या वर्तुळाभोवती फिरली, आणि जाळी हळूहळू लाल होऊ लागली.

ठकूबाईनं दारातूनच मान लववून नमस्कार केला. तिचा उजवा हात ओचा घट्ट धरून होता. मुकुलला कळलं.

"मावशी, ओच्यात काय आहे?"

"काय नाय."

"आणा इकडं."

तिनं ओचा उघडला. अंगारा होता. मुकुलनं बोट बुडवलं आणि हीटरच्या कडीला एक पट्टा ओढला.

"इथं चालेल," तो म्हणाला. "इथं रोज लावला तरी चालेल. वाडीवरच्या बायकांनाही सांगा."

खडूनं लिहिलेलं त्यानं बाहीनं पुसून टाकलं.

बाबांनी घडी केलेली घोंगडी उलगडली आणि हीटरशेजारी अंथरली.

"जळतंय. म्हणजे मी आत."

मुकुलनं श्वास सोडला. इतका लांब, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"पण धुनी मोकळी," बाबा म्हणाले.

"ठकूबाई शेणी घालतात की रोज. विझत नाही ती."

"मी मोकळी म्हणालो. विझली म्हणालो नाही."

त्यांनी उशाचा चिमटा उचलला. लोखंडाचा, लांब, धुनीतली लाकडं सारून सारून टोकाशी झिजलेला. तो त्यांनी मुकुलसमोर धरला.

मुकुलनं हात मागं घेतला.

"मी? मला काय येतं, बाबा? तुम्ही अजून काही दिलंच नाही मला. मंत्र नाही, जप नाही. लोक येतील, काहीतरी विचारतील. मी काय सांगू त्यांना?"

"सांगायचं कशाला? विचार."

"काय?"

"लाकूड कुठलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि समोरचा गप्प बसला तर?"

"तर एक काडी सरकव."

"आणि तरी गप्पच राहिला तर?"

बाबांनी चिमटा त्याच्या मांडीवर ठेवला आणि हात हीटरपुढं शेकायला धरले.

"हे पेटत नव्हतं तेव्हा तू उठून गेलास का?"

धुनीघरात शिरताना मुकुलचं कपाळ चौकटीवर आपटलं. आत धूर साचला होता. त्याचे डोळे चुरचुरले, पाणी आलं. सवयीनं त्यानं वर बघितलं. मधली चार-दोन कौलं काढून वर आडोसा केला, तर धूर सरळ निघून जाईल. उद्याच करायचं. आत्ताच का नाही... तो उठायला लागला.

दारात कुणीतरी उभं होतं.

बुधा. हातात काडी. आत बाबा नाहीत, मुकुल आहे, हे बघून तो घोटाळला. काडी पाठीमागं नेली.

"इंजिनेर? तू रं हितं कसा? यंत्र मोडलं का पुन्यांदा?"

"नाही. चाललंय. बाबा आत आहेत."

"मंग बरं झालं. मी आपला असाच आलतो..." तो वळला.

"काका, या ना. बसा."

बुधा उंबऱ्यापाशी बसला. मुकुलनं हात पुढं केला. बराच वेळ तो हात तसाच राहिला. मग बुधानं काडी त्यावर ठेवली.

जाड होती. साल खरखरीत. मुकुलनं बाबांसारखं तिच्यावरून बोट फिरवलं, आणि सकाळी पायरीवर बसून फोनच्या रेंजचं विचारणारा बुधा त्याला आठवला. त्यानं त्याला उजेडातून बाजूला सरकवलं होतं.

"कुठलं लाकूड, काका?"

"सादडा." बुधानं घसा खाकरला. "घरामागं हाये एक."

मुकुलनं काडी धुनीत ठेवली. ती चटकन धरेना. धूर सरळ त्याच्या तोंडावर आला. तो खोकला, डोळे पुसले, आणि कौलांकडं बघायचं त्यानं टाळलं. चिमट्यानं काडी जरा आत सरकवली.

बुधा गप्प होता. मुकुलही.

काडीच्या टोकाशी पाणी फसफसलं, मग एक बारीक ज्योत उभी राहिली.

बुधानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि मांडीवर ठेवलं.

"तसं सांगन्यासारखं काय नाय, दादा," तो म्हणाला. "पोरगा दिवाळीपासनं घरी आला नाय. येवढंच."